तपासणीचे चिलखत

डॅन्यूब नदीकाठच्या त्या छावणीत बेलिकसची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एकही शत्रू मेलेला नव्हता, आणि ऊन पडले की त्याचे चिलखत नदीच्या पलीकडच्या काठावरून दिसत असे. पलीकडच्या काठावर शत्रू राहत असल्यामुळे ही दुसरी गोष्ट कितपत सोयीची होती, याचा विचार कोणी केला नव्हता. रोमन सैन्यात विचार करायला वेगळी माणसे नेमलेली असत, आणि त्यांनीच बेलिकसला चकाकीबद्दल चांदीचे कडे दिले होते.

चिलखत कड्यांचे होते. हजारो बारीक लोखंडी कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली, असा तो मांडीपर्यंत येणारा सदरा. डोक्यातून घालायचा आणि कमरेला पट्टा आवळायचा. अशा सदऱ्याला गंज फार लवकर चढतो आणि फार उशिरा उतरतो. बेलिकसने तरुणपणीच त्यावर तोड काढली. पिंपात धारदार वाळू भरायची, तीत आंबलेली दारू ओतायची, चिलखत आत टाकून झाकण ठोकायचे आणि पिंप अंगणात दोन घटका लोळवत राहायचे. दारू शिपायांना जेवणात मिळे तीच. पोटात तिचा परिणाम दिसायला वर्षे लागत, लोखंडावर तो लगेच दिसे.

दर तपासणीला सेनापती बदललेला असे, पण बेलिकससमोर येऊन थांबत नाही असा सेनापती झाला नाही. पुढे त्याच्या शतनायकाने, म्हणजे ऐंशी शिपायांवरच्या अंमलदाराने, सगळ्यांनाच पिंपे आणून दिली आणि बेलिकसला त्यांचा गुरू केले. गेल्या वर्षी तर त्याला रांगेतून काढून शस्त्रांच्या कोठीवर बसवले. आता लढायचे नव्हते. फक्त घासायचे आणि घासून घ्यायचे.

शिपायाला लग्नाची परवानगी नसल्यामुळे रेसिला त्याची बायको नव्हती. ती फक्त वीस वर्षे तटाबाहेरच्या वस्तीत राहून त्याच्याशी भांडत होती. त्यांचा मुलगा डाझस दोन महिन्यांपूर्वी बापाच्याच तुकडीत भरती झाला. त्या दिवशी बेलिकसने कोठीतल्या खुंटीवरून आपले चिलखत काढले आणि पोराच्या डोक्यातून घातले. पोराने खांदे उडवून पाहिले आणि हसला.

"बाबा, हे तर अंगावर आहे असं वाटतच नाही."

बेलिकसला ही स्तुती वाटली. त्याने ती आठ दिवस वस्तीभर सांगितली.

वसंत लागला तसा नदीवर होड्यांचा पूल बांधून झाला. सैन्य पलीकडे जाऊन डेशियनांना धडा शिकवणार होते. पलीकडचे लोक कोयत्यासारख्या वाकड्या, दोन हातांनी चालवायच्या तलवारी वापरत, आणि धडा घ्यायला फारसे उत्सुक नव्हते. पण आधी तपासणी, मग लढाई, हा सैन्याचा क्रम होता. तपासणी चार दिवसांवर आली होती.

त्याच सकाळी अट्टो मेला.

अट्टो म्हणजे तुकडीचे लाजिरवाणे अपत्य. एकोणीस वर्षांत त्याने चिलखत मनापासून कधी घासले नाही. तपासणी झाली की तो शिक्षेवर जाई, शिक्षा संपली की पुढची तपासणी येई. मेला तोही तापाने, म्हणजे तिथेही त्याने सैन्याला काही श्रेय मिळू दिले नाही. त्याचे सामान कोठीत जमा करायला तुकडीचा निशाणवाला सालो घेऊन आला.

सालो बेलिकसचा जुना मित्र. निशाणवाल्यांना खवल्यांचे चिलखत घालायची मुभा असे: कापडावर शिवलेली, कल्हई केलेल्या धातूची छोटी छोटी पाने, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवलेली.

"आलास? तुला बघून वस्तीतली मांजरं ओरडायला लागली वाटतं," बेलिकस म्हणाला.

"ओरडू देत. तुझ्या पोरानं काल माझे डोळे घालवले. उन्हात उभा होता तो. मला वाटलं, सूर्यच भरती झालाय आपल्यात." सालोने गाठोडे जमिनीवर टाकले. "हे घे. महाराज अट्टोंचं लोखंड. कोळशासारखं काळं आहे, हात धुऊन घे नंतर."

बेलिकस वाकला, सवयीप्रमाणे एका हाताने चिलखत उचलायला गेला, आणि तोंडावर आपटता आपटता वाचला.

सालो खदाखदा हसला. "म्हातारा झालास रे!"

"ओलं असेल."

"ओलं? महिनाभर तो अंथरुणात होता. ते काय अश्रूंनी भिजलं?"

बेलिकस हसला नाही. त्याने दोन्ही हातांनी चिलखत मेजावर चढवले आणि मानेपाशी पितळेची चकती शोधली. चकतीवर टोचून लिहिलेली कारखान्याची खूण त्याच्या ओळखीची होती. आपल्याला पहिले चिलखत मिळाले तो दिवस त्याला आठवला. अट्टो तीन वर्षांनी मागून आला होता, पण माल त्याच ढिगातला होता. त्या कारखान्याने एकदाच पाठवला आणि नंतर तो बंदच पडला.

"सालो, डाझसला बोलाव. चिलखत घेऊन ये म्हणावं. मानेजवळची कडी बदलायची आहे."

डाझस आला, चिलखत ठेवले आणि पळाला; त्याला कवायतीला जायचे होते. बेलिकसने दोन्ही चिलखते शेजारी शेजारी पसरली. अट्टोच्या चिलखताची एक कडी त्याने चाकूने खरवडली. गंजाच्या पापुद्र्याखाली लोखंड शाबूत होते, जाड सुतळीएवढे. मग त्याने डाझसच्या चिलखताची खांद्यावरची कडी प्रकाशात धरली. ती शिवणाच्या दोऱ्याएवढी होती. त्याने चिमटा लावून हलकेच दाबले. कडी वाळल्या गवतासारखी मोडली.

सालो मागून पाहत होता. 

"बावीस वर्षांत शत्रूचा एक ओरखडा नाही ना यावर?"

"एकही नाही."

"मग एवढं लोखंड खाल्लं कोणी?"

बेलिकसने आपल्या हातांकडे पाहिले. नखांच्या कडेने वाळू अजून रुतलेली होती. ती आता निघत नसे.

"आणि बाकीच्यांची?" सालोने दाराकडे बघत आवाज खाली आणला. "तू शिकवलेल्यांची?"

"माझ्याइतकी नसतील. त्यांची पिंपं दहाच वर्षांची."

"दहाच," सालो म्हणाला, आणि आपल्या खवल्यांवरून त्याने नकळत हात फिरवला. खवले तो फक्त फडक्याने पुशी. आळशी म्हणून नव्हे. कल्हई जाते म्हणून. "हे बघ, तोंड बंद ठेव. पोराला गुपचूप हे काळं दे. बाकी देव बघून घेतील."

योजना सोपी होती. फक्त तिच्यात डाझसची संमती लागत होती.

कवायतीनंतर डाझस घामाने निथळत आला. बेलिकसने अट्टोचे चिलखत पुढे सरकवले.

"हे घालून बघ जरा. मापाला बरं वाटतंय तुझ्या."

"हे? अट्टोचं?" डाझस एक पाऊल मागे गेला. "बाबा, तुम्हीच मला लहानपणी त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचा, अंघोळ केली नाहीस तर असा होशील म्हणून."

"घासून देईन की."

"चार दिवसांत? ते चार वर्षांत निघणार नाही. आणि माझ्या चिलखतात काय वाईट आहे?"

"हलकं आहे."

"तेच तर! काल आठ मैल चाललो. बाकीच्यांचे खांदे सोलून निघाले, मी गाणं म्हणत होतो." तो हसला. मग बापाचा चेहरा पाहून हसू आवरले. "तुमचं आहे ते, म्हणून परत पाहिजे का? तसं सांगा. पण मग मी ढालीमागे उघडाच उभा राहीन, दुसऱ्याचं घालणार नाही. सगळे विचारतात, बेलिकसचा का तू? मी छाती दाखवतो."

बेलिकसच्या जिभेवर सगळे आले होते. वाळू, दारू, पिंप, बावीस वर्षे. पण पोराची नजर त्याच्या दंडावरच्या चांदीच्या कड्याकडे गेली, जशी लहानपणी जात असे, आणि जिभेवरचे पुन्हा घशात उतरले. एखाद्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट नीट केलेली असावी आणि ती चूक निघावी, हे मुलाला सांगायला कोणते शब्द वापरावेत ते त्याला ठाऊक नव्हते. त्याने खांद्यावरची मोडलेली कडी बदलली आणि चिलखत परत दिले.

दुसऱ्या दिवशी तो शतनायकाकडे गेला. शतनायक फुफिडियस मोठ्या पोटाचा, छोट्या डोळ्यांचा, द्राक्षवेलीची काठी सतत हातात बाळगणारा माणूस होता. ती काठी शिपायांच्या पाठीवर मोडायची आणि नवी मागवायची, हे त्याचे मुख्य काम. तो अंजीर खात होता.

"बोल गुरुजी. पिंपं लोळतायत ना सगळी?"

"नायकसाहेब, एक अडचण आहे. चिलखतं झिजली आहेत."

"झिजणारच. जोडे झिजतात, माणसं झिजतात."

"माझं, म्हणजे डाझसचं, फारच. बोटानं मोडतं. त्याला दुसरं द्या, नाहीतर पहिल्या रांगेतून तरी काढा."

फुफिडियसने अंजिराचा देठ थुंकला. "त्याला? अरे, सेनापतीसाहेबांनी परवा कवायतीत स्वतः विचारलं, तो चमकतोय तो कोण. त्यांना दूरचं धड दिसत नाही, पण तुझा पोरगा दिसला. तपासणीत जी रांग साहेबांना आवडेल तिला घेऊन ते स्वतः पूल ओलांडणार आहेत. कळलं? बाप कोठीत, पोरगा सेनापतीच्या उजव्या हाताला! आणि तू म्हणतोस काढा."

"पण साहेब, भाला आला तर..."

"भाल्याला ढाल आहे. चिलखत तपासणीला लागतं." फुफिडियसने दुसरे अंजीर उचलले. वाईट माणूस नव्हता तो; पाठ थोपटत म्हणाला, "लढाई होऊन जाऊ दे. मग बघू."

लढाईनंतर चिलखत बघायचे, हे बेलिकसलाही जमले असते. त्यासाठी शतनायक व्हायची गरज नव्हती.

परतताना तो स्वयंपाकाच्या कोठारावरून गेला. दारात खारवलेल्या माशांची पिंपे उघडी ठेवली होती. त्यांतले खारे पाणी पाहत तो थोडा वेळ उभा राहिला. लोखंडाला सर्वात जास्त भीती कशाची, हे छावणीत त्याच्याइतके कोणाला माहीत होते?

तपासणीच्या आदल्या दुपारी त्याने डाझसकडून चिलखत मागून घेतले. शेवटचा हात मारून देतो, म्हणाला. डाझसने विश्वासाने दिले. तपासणीच्या सकाळी, शिंग वाजायच्या जरा आधी, बेलिकसने ते कापडात गुंडाळून परत केले. डाझसने घाईत कापड सोडले. आत चिलखत नव्हतेच. तांबड्या मातीचे काहीतरी होते, आणि त्याला सडक्या माशाचा वास येत होता.

"बाबा!"

"दमट हवा," बेलिकस म्हणाला. आयुष्यात इतके खोटे तो कधी बोलला नव्हता, आणि इतके वाईट तर मुळीच नाही.

दुसरे शिंग झाले. डाझसला तेच घालून उभे राहावे लागले.

सेनापतीसाहेब रांगेसमोरून चालत आले. पुढे काठी, मागे लेखनिक. ज्या जागी प्रकाश असायला हवा होता त्या जागी पोचल्यावर ते थांबले, डोळे बारीक केले आणि नाक दाबले. एक शब्दही बोलले नाहीत. शब्द बोलणे फुफिडियसचे काम होते आणि त्याने ते मनापासून केले. डाझसचा पट्टा तिथल्या तिथे काढून घेतला गेला. दिवसभर त्याला कचेरीसमोर, सैल अंगरख्यात, बायकांसारखा बिनपट्ट्याचा, हातात मातीचे ढेकूळ धरून उभे केले. जेवणात गव्हाऐवजी जव, म्हणजे जनावरांचे खाणे. येणारे जाणारे हसले. तटाच्या दरवाजातून रेसिलाने पाहिले आणि ती हसली नाही. ती बेलिकसकडे बघत राहिली. वीस वर्षांत ती त्याच्याशी भांडली नाही असा तो पहिला दिवस.

बेलिकसला मात्र संध्याकाळी जव गिळणाऱ्या पोराकडे पाहून हायसे वाटले. लाज वाळते. जखम वाळेलच असे नाही.

पण सकाळी फुफिडियसची काठी कोठीच्या दारावर वाजली.

"तुझ्या दिवट्याचं नशीब बघ. साहेबांनी रात्रीच्या जेवणाला पुन्हा विचारलं, माझा चमकणारा कुठाय? कालचा तांबडा तोच होता हे त्यांना ओळखूच आलं नाही. मी म्हणालो, आजारी आहे, उद्या हजर होईल. आज संध्याकाळपर्यंत लखलखीत करू दे चिलखत. झालं तर शिक्षा माफ, परत पहिल्या रांगेत. परवा पूल."

बेलिकस अंगणात धावला तेव्हा डाझसने सुरुवात केलेली होती. पिंप लोळत होते. कालच्या अपमानाने त्याच्या अंगात दहा माणसांचे बळ आले होते. जाड वाळू, दुप्पट दारू. बापाने शिकवले त्याहून चांगले तो करत होता. पिंपाच्या फटींतून तांबडे पाणी गळत होते. गंज जात होता, आणि गंजाबरोबर गंजाने खाल्लेले लोखंड. बेलिकसला ते उशिरा समजले, उस्ताद असून. खाऱ्या पाण्यात बुडवून त्याने चिलखत आणखी एका वर्षाइतके खाल्ले होते, आणि आता पोरगा उरलेले खात होता.

"थांब," तो म्हणाला.

डाझसने पाहिले नाही. पिंप लोळत राहिले.

"डाझस, थांब म्हणतो ना."

"तुम्ही माझ्याशी बोलू नका."

अंगणात तीसेक जण आपापले लोखंड घासत होते. सगळ्यांचे हात थांबले. बेलिकसने पिंप पायाने अडवले, झाकण उखडले, आत हात घालून ओले चिलखत बाहेर काढले. नुसत्या एका हाताने. ते चमकत होते. बावीस वर्षांत ते इतके कधीच चमकले नव्हते. तलवारीच्या सरावाचा, पेंढा गुंडाळलेला खांब तिथे रोवलेला होता. त्याच्यावर त्याने ते चढवले आणि कमरेच्या पिशवीतून चामडे टोचायची आरी काढली.

"बघा सगळ्यांनी," तो म्हणाला. त्याचा आवाज फार मोठा नव्हता. त्याने आरीचे टोक चिलखताच्या छातीवर ठेवले आणि अंगठ्याने दाबले. हातोडी नाही, जोर नाही. चामड्यात दाबतात तितकेच. बारीकसा आवाज झाला, चारपाच कड्या तुटून गळल्या आणि आरी मुठीपर्यंत पेंढ्यात गेली.

त्याने ती काढली, वीतभर बाजूला पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"हे मी केलं," तो म्हणाला. "घासून घासून. आणि मासळीच्या पाण्यात परवा मीच बुडवलं, तुला पलीकडे जाता येऊ नये म्हणून. कड्याला काही अर्थ नाही. चांदीच्या."

डाझस खांबासमोर गेला आणि त्या दोन भोकांत त्याने एकामागून एक बोट घातले. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते बेलिकसला वाचता आले नाही. मागे मात्र एक विचित्र आवाज सुरू झाला होता. तीस माणसे आपापल्या चिलखताच्या कड्या दोन बोटांत धरून चोळत होती. धान्य निवडताना बायका करतात तसा, बारीक आणि कोरडा आवाज. 

फुफिडियस आला तेव्हा गर्दी ऐंशीची झाली होती. त्याने आरी पाहिली, भोके पाहिली, माणसांचे चेहरे पाहिले. त्याला सगळे समजले. समजल्यावर काय करायचे हेही त्याला समजत होते, म्हणून तर तो शतनायक होता.

"सरकारी चिलखताला भोकं पाडली," तो म्हणाला. "ऐंशी जणांसमोर. कबूल आहे?"

"साहेब, ऐंशीच्या ऐंशी..."

"ऐंशी चिलखतं मी परवापर्यंत कुठून आणू? माझ्या बापाची भट्टी आहे?" मग त्याने आवाज उतरवला, आणि बेलिकसला वाटले, हा थकलेला आहे. "हे साहेबांच्या कानावर गेलं तर ते पूल थांबवणार नाहीत. फक्त मला बदलतील. नवा येईल तो तुम्हाला ओळखणारही नाही. गप्प बसा सगळे. आतून दोन अंगरखे जास्त घाला."

मग निकाल झाला. डाझसला अट्टोचे काळे चिलखत. ते सेनापतीच्या नजरेस पडता कामा नये, म्हणून पुलाच्या अलीकडच्या टोकावर पहाऱ्याला, सर्वात मागे. बेलिकसची कोठी गेली, दंडावरचे कडे गेले. आणि पहिल्या रांगेत एक जागा रिकामी राहत होती. रांग रिकामी ठेवता येत नाही.

"पट्ट्यांची सात चिलखतं पडून आहेत ना तुझ्या कोठीत? बिजागऱ्या तुटतात म्हणून कोणी घेत नाही ती?" फुफिडियसने विचारले. "ती कमी घासली गेली असतील. तुझ्या मापाचं एक शोध. तीही चमकतात."

त्या दिवशी पट्ट्यांची उरलेली सहा चिलखते घ्यायला कोठीसमोर रांग लागली. सहा जणांना मिळाली. बाकीचे रिकाम्या हाताने परतले, आणि जाताना बेलिकसकडे अशा नजरेने बघत गेले, की तो नजरा चुकवण्यासाठी बिजागऱ्या ठोकत बसला. संध्याकाळी सालो आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"मी म्हणालो होतो, तोंड बंद ठेव."

"हो."

"काल सगळे बेफिकीर होते. आज कोणी जेवलं नाही."

"हो."

"मी निशाण घेऊन तुझ्या डावीकडे असेन," सालो म्हणाला. "मासा आणि खेकडा." विनोद त्याने केला खरा, पण दोघांपैकी कोणीही तो उचलला नाही.

पुलाच्या सकाळी धुके होते. पट्ट्यांचे चिलखत म्हणजे पोटाभोवती एकावर एक आडव्या पत्र्यांचे कडे आणि खांद्यांवर वाकवलेले पत्रे. पुढून मागून नाड्या ओवून बांधायचे. पाठीच्या नाड्या स्वतःला बांधता येत नाहीत. बेलिकस एका हाताने पाठीमागे चाचपडत उभा होता. सगळे आपापल्या जोडीदाराला बांधत होते, आणि त्याला जोडीदार नव्हता.

कोणीतरी मागून नाडी हातातून काढून घेतली.

"श्वास सोडा," डाझस म्हणाला. त्याच्या अंगावर अट्टोचे चिलखत होते आणि त्याचे खांदे त्या वजनाने खाली आले होते.

बेलिकसने श्वास सोडला.

"अजून."

"अजून सोडला तर मरेन मी इथंच."

डाझस हसला नाही. त्याने नाडी आवळली, गाठ मारली, पुढची नाडी शोधली. खालपासून वरपर्यंत पाच गाठी होत्या. तिसऱ्या गाठीपाशी तो थांबला.

"मला एकट्याला सांगितलं असतं तर?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं," डाझसने मान्य केले. चौथी गाठ मारली. "पण हे बाकीचे. यांना सांगून काय दिलंत तुम्ही? यांना दुसरं काही मिळणार नव्हतं. आता ते फक्त घाबरून जाणार."

समोर धुक्यात पुलाच्या फळ्यांवर पुढच्या तुकड्यांची पावले वाजू लागली होती. शेजारचा एक तरुण, ज्याला बेलिकसनेच पाच वर्षांपूर्वी पिंप लोळवायला शिकवले होते, चिलखतावरून छातीवर हात दाबून उभा होता, जणू कोणी आत शिरू नये म्हणून दार धरून. बेलिकसने त्याच्याकडे पाहिले, मग मान वळवली.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुला काळं मिळालं एवढं ठाऊक आहे. पुढचा विचार मी केला नव्हता."

डाझसने पाचवी गाठ मारली, ती पुन्हा ओढून पाहिली, आणि बापाच्या खांद्यावरच्या पत्र्यावर तळहात क्षणभर ठेवला. पत्रा थंड होता आणि जाड होता.

"डावीकडची बिजागरी ढिली आहे," तो म्हणाला. "हात फार वर उचलू नका."

"मी कधी उचललाय?" बेलिकस म्हणाला.

शिंग वाजले. फुफिडियसची काठी हवेत गेली. पहिल्या रांगेने पाऊल उचलले, आणि बेलिकस, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, फळ्यांवरून पलीकडे निघाला. मागे पहाऱ्याच्या जागी उभ्या असलेल्या डाझसला धुक्यात बराच वेळ रांगेतली चमक दिसत होती. त्यातली बापाची कोणती, ते त्याला ओळखता येईना.